बाळंतपणानंतर वजन कमी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे पूर्ण दिवस भरून प्रसूती झालेल्या, एरवी तब्येत बरी असलेल्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. प्रसूतीत खूप रक्तस्राव झाला असेल, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा आजार असेल, तर तुमच्या डॉक्टरांचा सल्ला आधी आणि इथले उत्तर नंतर.

वजन कमी करायला सुरुवात कधी करायची?

पहिले ६ आठवडे अजिबात नाही. या काळात गर्भाशय आकसत असते, वार जिथे चिकटलेली होती ती जखम भरत असते, टाके सुकत असतात आणि दूध नीट यायला लागलेले असते. या सगळ्याला प्रथिने, लोह आणि पुरेशा कॅलरी लागतात. नेमका तेव्हाच आहार कमी केला तर जखम भरायला वेळ लागतो, थकवा वाढतो आणि दुधाची घडी बसायच्या आतच विस्कटते.

६ आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की हळूहळू सुरुवात करावी. सिझर झाले असेल, टाके पिकले असतील किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर ८ ते १२ आठवडे थांबण्यात काहीच बिघडत नाही. वजन त्यानंतरही तितकेच उतरते.

बाळ झालं तरी पोट पाच-सहा महिन्यांसारखंच दिसतंय. असं का?

प्रसूतीच्या दिवशी साधारण ५ ते ६ किलो कमी होतात. बाळ ३ किलोच्या आसपास, वार अर्धा ते पाऊण किलो, गर्भजल पाऊण ते एक किलो आणि थोडे रक्त. पण गर्भाशय स्वतःच त्या वेळी सुमारे १ किलोचे असते आणि बेंबीच्या आसपास लागते. ते पुन्हा ओटीपोटात जाऊन १०० ग्रॅमच्या खाली यायला सहा आठवडे लागतात. शिवाय पोटाचे स्नायू ताणून मधून फाकलेले असतात, त्यामुळे आतली आतडी पुढे येतात. म्हणजे हे पोट बहुतांशी चरबीचे नसते.

पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत लघवी आणि घामावाटे आणखी २-३ किलो पाणी निघून जाते. सलाइन भरपूर लागले असेल, विशेषतः सिझरनंतर, तर आधी पाय सुजून वजन थोडे वाढल्यासारखेही दिसते. ती सूज दोन्ही पायांना सारखी असेल आणि आठवड्याभरात उतरत असेल तर काळजी नको.

किती वेगाने वजन उतरणं योग्य?

आठवड्याला अर्धा किलोपर्यंत. या वेगात अंगावर पिणाऱ्या बाळाच्या वाढीवर परिणाम होत नाही. महिन्याला एक किलो उतरत असेल तरी उत्तमच. आठवड्याला एक किलोच्या पुढे जाऊ लागले तर चरबीबरोबर स्नायूही झिजत आहेत असे समजावे, आणि स्नायू झिजले की पुढे वजन परत वाढणे सोपे होते.

गरोदरपणात सर्वसाधारण वजनाच्या बाईचे ११.५ ते १६ किलो वाढणे अपेक्षित असते. त्यातले ७-८ किलो पहिल्या दोन आठवड्यांत आपोआप जातात. उरलेल्यासाठी ६ ते १२ महिने धरून चालावे. तीन महिन्यांत पूर्ववत होण्याची अट स्वतःला घालू नका. त्या घाईतूनच पुढच्या बहुतेक चुका होतात.

अंगावर पाजल्याने वजन आपोआप उतरतं ना?

काहींचे उतरते, काहींचे स्तनपान चालू आहे तोवर हलत नाही. दोन्हींमागे कारण आहे. फक्त अंगावर पिणारे बाळ पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सुमारे ७५० मिलिलीटर दूध पिते. त्यात जवळपास ५०० कॅलरी असतात, आणि ते तयार करायला शरीर आणखी थोड्या खर्च करते. पण दुधासाठी लागणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक भूकही वाढवते. त्यात रात्रीची जागरणे. खर्च ६०० कॅलरींचा आणि भूक ९०० कॅलरींची असे झाले तर वजन वाढणारच.

वजन उतरो न उतरो, स्तनपान चालू ठेवायला इतर पुष्कळ कारणे आहेत. वजन उतरत नाही म्हणून ते बंद करण्याचा विचार करू नका.

मग नेमकं किती खायचं?

कॅलरींचा हिशोब ठेवायला बाळंतिणीला वेळ नसतो, म्हणून एक सोपा अंदाज देतो. गरोदर राहण्यापूर्वी ज्या जेवणावर तुमचे वजन वर्षभर स्थिर होते ते आठवा. बाळ फक्त अंगावर पीत असेल तर तेवढेच जेवण चालू ठेवा. दुधासाठी होणारा जादा खर्च साठलेल्या चरबीतून भागतो आणि रोज सुमारे ५०० कॅलरींची तूट आपोआप पडते. यापेक्षा कमी खाण्याची गरज नाही.

बाळ निम्मे वरचे दूध पीत असेल तर त्या जेवणातून २०० कॅलरींच्या आसपास कमी कराव्या लागतील. पूर्ण वरच्या दुधावर असेल तर ३०० ते ५००. स्तनपान करणाऱ्या बाईने दिवसाला १८०० कॅलरींच्या खाली सहसा जाऊ नये.

कमी करायचे तर कशातून, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. दिवसात चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे १६० कॅलरी. स्वयंपाकात एक मोठा चमचा तेल किंवा तूप कमी पडले की १२० वाचतात. एवढ्या दोन गोष्टींत जवळपास ३०० कॅलरी निघाल्या, आणि ताटातल्या डाळीला, भाजीला, अंड्याला हात लागला नाही. याउलट जेवण अर्धे करून चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या बायका आकड्यात तेवढेच खातात, पण प्रथिने आणि लोह मात्र मिळत नाही.

प्रथिने दिवसाला ६५ ते ७५ ग्रॅम हवीत. अंदाजासाठी: एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिलिलीटर दुधात ६ ते ७, कोरड्या ३० ग्रॅम डाळीत किंवा कडधान्यात ७, शिजवलेल्या १०० ग्रॅम मासळीत किंवा कोंबडीत २० ते २५. हे तीन जेवणांत वाटून घ्या. एकाच वेळी सगळे खाल्ल्याने दुपारची भूक थांबत नाही. कॅल्शियम रोज १००० मिलिग्रॅम लागते. शाकाहारी असाल तर बी-१२ ची पातळी एकदा तपासून घ्या. आईत ते कमी असले तर दुधातूनही बाळाला कमी जाते, आणि बाळाच्या मज्जासंस्थेला ते महागात पडते.

दिवसभर जेवायला फुरसत नाही आणि रात्री भूक आवरत नाही. काय करू?

वजन अडकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आमच्या मते हेच. सकाळी बाळ रडते म्हणून न्याहारी राहते, दुपारी उभ्याने चार घास पोटात जातात, आणि रात्री अकराच्या पाजण्यानंतर हाताला लागेल ते गोड-तळलेले खाल्ले जाते. तेव्हा इच्छाशक्ती कमी पडते असे नाही. आठ-नऊ तास उपाशी राहिलेले शरीर पटकन साखर मागते.

उपाय ताटाचा नाही, जागेचा आहे. जिथे बसून पाजता तिथे हाताच्या अंतरावर एक झाकणाचा डबा आणि पाण्याची बाटली ठेवा. डब्यात एका हाताने खाता येईल असे काही हवे: उकडलेले अंडे, भाजलेले चणे, चिरावे लागणार नाही असे फळ, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम सुकामेवा. मूठ मोजूनच भरा, कारण ३० ग्रॅम बदामांतच १७०-१८० कॅलरी असतात आणि पाजताना नकळत शंभर ग्रॅम संपतात. डबा रात्री झोपण्यापूर्वी भरून ठेवावा, आणि हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे दिले तर फारच बरे. सकाळी उठल्यापासून दोन तासांत पोटात प्रथिने गेली की रात्रीची खा-खा आठवड्याभरात कमी झालेली दिसते.

कमी खाल्लं तर दूध आटेल का?

बेताची कपात केली तर नाही. दूध मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट पिते यावर ठरते. पण अचानक आहार निम्मा केला, तर काही जणींचे दूध कमी होते.

बाळाला पुरते आहे की नाही हे बाळच दाखवते. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा अधिक ओल्या लंगोट्या, पहिल्या तीन महिन्यांत रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ. आहारात बदल केल्यावर पुढचे दोन आठवडे बाळाचे वजन नक्की करून पाहा. वाढ मंदावली तर स्वतःचा आहार लगेच पूर्ववत करा आणि बाळ नीट पकड घेऊन पिते आहे का हे जाणकाराला दाखवा.

कीटो (पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करणारा आहार), दिवसभराचे उपवास, फक्त ज्यूस पिणं चालेल का?

स्तनपान चालू असताना नाही. दुधातली साखर रक्तातल्या ग्लुकोजपासून बनते. पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले, वर उपवास केले आणि दूध मात्र चालूच राहिले, तर चरबी जळताना तयार होणारे कीटोन रक्तात वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकते. हे क्वचित घडते, पण घडले तर रुग्णालयातच उपचार लागतात. उलट्या, पोटात दुखणे, खोल आणि भराभर श्वास, अतिशय गळून जाणे ही त्याची लक्षणे. धान्य, फळ किंवा कंद यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या.

जास्त पाणी प्यायल्याने वजन उतरतं किंवा दूध वाढतं का?

दोन्ही नाही. तहान लागेल तेवढे प्या. स्तनपान करताना ती जास्तच लागते. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरते आहे.

व्यायाम कधी आणि कोणता सुरू करू?

योनीमार्गे साधी प्रसूती झाली असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात ५-१० मिनिटे चालणे, दिवसातून दोनदा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायामही वेदना नसेल तर लगेच सुरू होतो: लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरल्यासारखे स्नायू आत-वर खेचा, श्वास न रोखता ५ सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसे १० सेकंदांपर्यंत न्या. मांड्या आणि नितंब आवळले जात असतील तर चुकीचा स्नायू वापरला जातो आहे. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करू नका.

सिझरनंतर चालणे रुग्णालयातूनच सुरू होते, पण ६ आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. खोकताना-शिंकताना टाक्यांवर उशी दाबून धरा. अंथरुणातून थेट न उठता आधी कुशीवर वळा.

६ आठवड्यांनंतर चालणे रोज २०-३० मिनिटांवर न्या. आठवड्याला १५० मिनिटे हे लक्ष्य. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतका वेग हवा. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम जोडा: खुर्चीवर बसून-उठणे, भिंतीला हात टेकून दंड, पाठीवर झोपून कंबर उचलणे. प्रत्येकी १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या. स्नायू टिकवायला याच व्यायामांचा उपयोग होतो, नुसते चालणे त्याला पुरत नाही.

धावणे आणि उड्या १२ आठवड्यांच्या आत नकोत. त्यानंतरही आधी पाहा: ३० मिनिटे झपाझप चालून लघवी गळत नाही ना, योनीत जड किंवा खाली आल्यासारखे वाटत नाही ना, एका पायावर १० सेकंद उभे राहता येते ना. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल तर धावणे लांबवा आणि बाळंतिणींबरोबर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. गळती ही बाळंतपणाची शिक्षा म्हणून सोसायची गोष्ट नाही. बहुतेकींची व्यायामाने बरी होते.

पोटाचे स्नायू फाकलेत हे कसं ओळखायचं?

घरी दोन मिनिटांत कळते. टाके भरलेले असावेत आणि पोट रिकामे असावे. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, तळवे जमिनीवर ठेवा. एका हाताची बोटे बेंबीच्या जरा वर, कंबरपट्ट्याच्या दिशेने आडव्या रेषेत ठेवून अलगद दाबा. श्वास सोडत डोके आणि खांदे इंचभर उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांकडे सरकताना जाणवतील. त्यांच्यामध्ये किती बोटे मावतात ते मोजा. हेच बेंबीवर आणि बेंबीच्या खाली करा.

दोन बोटांपर्यंतची फट सहसा काळजीची नसते. आठ आठवड्यांनंतरही त्याहून जास्त असेल, किंवा बोटे मऊ कणकेत रुतल्यासारखी खोल जात असतील, तर फिजिओथेरपी घ्यावी. तोवर पोटाच्या बैठका (पाठीवर झोपून धड वर उचलणे), दोन्ही पाय एकदम उचलणे आणि प्लँक (कोपर आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरणे) टाळा. व्यायाम करताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा वर येत असेल तर तो व्यायाम सध्या तुमच्यासाठी नाही. हजार बैठका मारून पोट आत जाईल या समजुतीने ही फट वाढवून घेतलेल्या बायका कमी नाहीत, याचे फार वाईट वाटते.

पोटाचा पट्टा लावल्याने चरबी जाते?

नाही. सिझरनंतर उठताना-बसताना आधार मिळतो, वेदना कमी वाटते, एवढाच त्याचा उपयोग. फार आवळला तर दाब खाली ओटीपोटावर येतो, म्हणून श्वास मोकळा घेता येईल इतकाच घट्ट ठेवा आणि झोपताना काढा.

व्यायामानंतर पाजलं तर दूध आंबट होतं का?

बेताच्या व्यायामाने दुधात बाळाला जाणवेल असा फरक पडत नाही. व्यायामाच्या आधी पाजून घ्या, ते छातीच्या जडपणासाठी सोयीचे.

झोप आणि वजनाचा खरंच संबंध आहे?

आहे, आणि आम्ही तो आहाराच्या बरोबरीचा मानतो. झोप तुटली की भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन घटते, आणि ओढ गोड-तेलकटाकडेच जाते. बाळ सहा महिन्यांचे असताना पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या बायकांमध्ये वर्षानंतरही पाच किलो किंवा अधिक वजन उरण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे.

सलग आठ तास मिळणार नाहीत हे उघड आहे. पण २४ तासांत एकदा सलग चार तास मिळवणे बहुतेक घरांत शक्य असते, फक्त घरातल्या दुसऱ्या माणसाने तशी वेळ स्वतःच्या अंगावर घ्यायला हवी. संध्याकाळी नऊला पाजून आईने झोपावे आणि एक वाजेपर्यंत बाळाला उचलणे, लंगोट बदलणे, खांद्यावर घेणे दुसऱ्याने करावे. या मधल्या वेळचे पाजणे शक्य असल्यास काढून ठेवलेल्या दुधावर, पण दूध पुरेसे यायला लागल्यावरच. रात्र फार वाईट गेली असेल तर सकाळचा व्यायाम सोडून झोपा. आम्ही हा सल्ला बिनदिक्कत देतो.

सगळं करूनही वजन हलत नाही. काय तपासू?

सलग चार आठवडे काटा तिथेच असेल तर आधी तीन दिवस प्रत्येक घास आणि घोट लिहून काढा. बाळाच्या किंवा मोठ्या मुलाच्या ताटातले उरलेले आणि रात्रीचे खाणेही त्यात धरा. बहुतेकदा उत्तर तिथेच मिळते.

तिथे नसेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासा. बाळंतपणानंतर काही जणींच्या थायरॉइडला सूज येते. आधी एक ते चार महिन्यांच्या सुमारास धडधड आणि वजन घट होते, आणि मग चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान थायरॉइड मंदावून थंडी वाजणे, बद्धकोष्ठता, प्रचंड थकवा, वजनवाढ. हे सगळे जागरणाच्या खात्यावर टाकले जाते आणि निदान महिनोन्महिने राहून जाते. गर्भनिरोधक म्हणून तीन महिन्यांचे इंजेक्शन घेत असाल तर त्यानेही काहींचे वजन वाढते. दुसरी पद्धत डॉक्टरांशी बोलून निवडता येते.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, कशातच रस नाही, बाळाबद्दल ओढ वाटत नाही किंवा सतत भीती, असे असेल तर वजनाचा विषय थांबवून आधी त्यावर उपचार घ्या. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा आजार आहे आणि तो बरा होतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्या, एकटे राहू नका.

गरोदरपणात साखर किंवा रक्तदाब वाढला होता. मला काही वेगळं करायचंय का?

हो, तुमच्यासाठी वजन हा दिसण्याचा प्रश्न नाही. गरोदरपणातल्या मधुमेहानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करून घ्यावी, आणि ती सामान्य आली तरी दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासावी. पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका या बायकांना कितीतरी जास्त असतो आणि वजन थोडे जरी उतरले तरी तो कमी होतो. रक्तदाब वाढलेल्यांनी तो दरवर्षी मोजावा.

वजन कमी करणाऱ्या गोळ्या, चहा किंवा इंजेक्शन घेऊ का?

स्तनपान चालू असताना यातले काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नका. बारीक करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक चहांमध्ये रेचक असते, म्हणजे जाते ते पाणी. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शने स्तनपानात देण्याची शिफारस सध्या नाही. पुढचे मूल लवकर हवे असेल तर सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद करावे लागते.

वजन कसं आणि किती वेळा मोजू?

आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर. पाळी परत सुरू होताना पाण्यामुळे एक-दोन किलोचा फरक पडतो, तो धरू नका. महिन्यातून एकदा कंबरही मोजा. उंचीच्या निम्म्याहून कमी कंबर हे चांगले लक्ष्य आहे. स्नायू वाढत असताना काटा हलत नाही, पण टेप हलतो.

दुसरं मूल हवं आहे. त्याआधी वजन कुठवर आणू?

दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात वजन वाढत गेले तर पुढच्या गरोदरपणात मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचा धोका वाढतो, मूळ वजन सर्वसाधारण असलेल्या बाईतसुद्धा. म्हणून निदान पहिल्या गरोदरपणाआधीच्या वजनाजवळ येऊन मग पुढचा विचार करावा. प्रसूतीनंतर पुन्हा दिवस राहण्याआधी दोन वर्षांचे अंतर असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात आठवड्याला पाव किलोच्या वेगानेही हे सहज साधते.

कोणत्या लक्षणांत वजनाचं सोडून थेट रुग्णालयात जायचं?

एकाच पोटरीत दुखणे, लाली आणि सूज, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते. पहिल्या सहा आठवड्यांत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा अंधारी, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, एकदम चेहरा-हात सुजणे, कारण रक्तदाब बाळंतपणानंतरही धोकादायक पातळीला जाऊ शकतो. आडवे झाल्यावर धाप लागणे आणि दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वजन वाढणे हे हृदयाच्या दुर्बलतेचे लक्षण असू शकते आणि ते बाळंतपणानंतर पाच-सहा महिन्यांपर्यंत दिसू शकते. छातीत दुखणे, ताप, तासाभरात एकाहून जास्त पॅड भिजणे, टाक्यांतून पू येणे यांपैकी काहीही असेल तर सकाळपर्यंत वाट पाहू नका, आणि रुग्णालयात पोचताच बाळंतपण कधी झाले ते आधी सांगा.